गाडी पिंपळीत आलीय

पुण्याच्या पेपरात दर शनिवारी एक चौकट येते. 'शहरात सध्या चालू असलेली चित्रप्रदर्शने.' अमुक दालनात जलरंग, तमुक दालनात शिल्पं, प्रवेश सर्वांसाठी खुला. ती चौकट मी वर्षानुवर्षं वाचतोय आणि दर शनिवारी माझा चहा कडू होतोय. पुण्याच्या माणसाला डोळे दिलेत आणि आम्हाला काय शर्टाची बटणं बसवलीत? आमच्या बारामतीत काय नाही? चकाचक रस्ते आहेत, पिझ्झा आहे, कुत्र्यांचं ब्यूटी पार्लरसुद्धा आहे. चित्र बघायचं असेल तर मात्र आजारी पडावं लागतं. दातांच्या दवाखान्यात स्वित्झर्लंड टांगलाय. हाडांच्या दवाखान्यात सात घोडे पळतायत. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात, हा विनोद मी केलेला नाही, मावळता सूर्य आहे.

तर मी सुयोगकडे गेलो. सुयोग आमच्या गावात एक साप्ताहिक काढतो. साप्ताहिक म्हणजे चार पानं. तीन पानांवर वाढदिवस आणि चौथ्यावर श्रद्धांजली. खाली त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, वर संपादकीय विभाग, म्हणजे एक पंखा. मी कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंग करतो, लोकांचे अर्ज लिहून लिहून हात बसलाय, म्हणून कधीमधी त्याच्या पेपरात लिहितो. फुकट.

"आपण अशी चौकट काढू," मी म्हणालो. "बारामती-इंदापुरात सध्या चालू असलेली प्रदर्शने."

"काढा की रामभाऊ. जागा आहे. या आठवड्यात कुणी मेलेलं नाही."

मी मोटारसायकल काढली आणि दोन्ही तालुके पालथे घातले. प्रदर्शनं सापडली. साड्यांचं भव्य प्रदर्शन व विक्री. गाद्या व सोफ्यांचं प्रदर्शन व विक्री. एक शेतीचं प्रदर्शन, तिथं एका बोकडासमोर रांग होती आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. बोकडाच्या चेहऱ्यावर जे भाव होते, ते मी नंतर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पाहिले, पण ते पुढं येईल. मी इमानदारीनं सगळं छापलं. त्या आठवड्यात मला जितके फोन आले तितके आयुष्यात आले नव्हते. सगळ्यांचा प्रश्न एकच, साडीवर सूट किती?

आमच्या मालतीबाई, म्हणजे आमची बायको, बँकेत आहेत, त्यामुळे हिशोबात बोलतात. म्हणाल्या, "चित्रांचं प्रदर्शनच नाही गावात, आणि तुमची चौकट तयार. घर बांधलं नाही आणि पडद्याचं माप घेताय."

हे मला लागलं. इतकं लागलं की मी ठरवलं, प्रदर्शन नसेल तर भरवायचं. चौकटीत घालण्यापुरतं एक.

आणि मला महिपतीआबा आठवले.

शेळगावचे महिपती पेंटर. वडिलांची मेंढरं होती, ती गेली, पाठची भावंडं शेतीला लागली आणि ह्या गड्यानं ब्रश धरला. एके काळी इंदापूरपासून बारामतीपर्यंत ह्यांच्या हातच्या पाटीशिवाय दुकान उघडत नसे. पत्र्याचा बोर्ड, ऑइलपेंट, अक्षराला खालून सावली. मग फ्लेक्स आला. दुकानदारांनी बोर्ड उतरवले आणि भंगारात घातले. आबा भंगारवाल्याच्या आधी जाऊन आपलेच बोर्ड सायकलला बांधून घरी आणायचे. लोक म्हणायचे, म्हातारा शेडला पत्रा करतोय.

म्हातारा शेड करत नव्हता. म्हातारा त्या बोर्डांच्या पाठीवर चित्र काढत होता. चित्रं नव्हे, चित्र. एकच. बापाचा कळप दिवाळीनंतर कोकणाकडे निघालाय, आणि पहिला बोर्ड संपतो तिथं दुसऱ्यावर तोच कळप पुढं चालतो. एका बोर्डावर मेंढराचं तोंड असेल तर त्याचे मागचे पाय शेजारच्या बोर्डावर. असे चौदा बोर्ड. दोन पलंगाखाली, चार गोठ्यात, बाकीचे कणगीमागं. कारण घराला भिंती चार. एकीत दार, एकीत खिडकी, एकीवर देव, एकीवर टीव्ही. स्वतः काढलेला कळप आबांनी एका ओळीत कधी बघितलाच नव्हता.

आणि बघायला वेळ थोडा होता. रक्तात साखर. उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्याच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलेलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाकू नका, ओझं उचलू नका, उन्हात बसू नका. हा डोळा कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेला की गेला.

"एकदा समदी एका वळीनं भिताडावर बघायचीत, रामराव," आबा म्हणाले. "मग डोळा गेला तर गेला. त्याला बी वाटंल, काम झालं."

मी म्हणालो, "आबा, आठ दिवसांत बघाल."

असं बोलून गेलो. माझ्या तोंडाला कुणी कुलूप का घालत नाही, हा मालतीबाईंचा जुना प्रश्न आहे.

पहिला अडथळा परवानगीचा. नगरपालिकेत खिडकीमागच्या गृहस्थानं विचारलं, "साड्या का भांडी?"

"चित्रं."

"विक्री व प्रदर्शन?"

"विक्री नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "विक्री नाही? मग लोक येऊन करणार काय?"

"बघणार."

"बघून?"

"घरी जाणार."

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून मला दाखवलं. प्रवेश सर्वांसाठी खुला होता. शेवटी 'इतर' या सदरात मला परवानगी मिळाली, अट अशी की फटाके वाजवायचे नाहीत.

दुसरा अडथळा भिंतीचा. चौदा बोर्ड एका ओळीत मावतील अशी भिंत फक्त मंगल कार्यालयात असते. बारामतीत एक मिळालं, संध्याकाळी तिथं लग्नाची वरात येणार होती, तोपर्यंत हॉल आमचा. मॅनेजर म्हणाला, "भिंतीला खिळा मारायचा नाही. पाइप बांधा, तारेनं टांगा." ठीक.

तिसरा अडथळा माझ्या शेजारी राहतो. तात्याबा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. एका सकाळी मी गेटला कुलूप लावत होतो तर म्हणाले, "उद्घाटक कोण?"

"कुणी नाही. दार उघडायचं, लोक आत येतील."

गुरुजींनी असं बघितलं की जणू मी लेंगा न घालता शाळेत आलोय. "सरळ आत? अरे, ते काय एसटी स्टँड आहे? पाहुणे नाहीत, रिबन नाही, तर कार्यक्रम आहे हे लोकांना कळणार कसं?"

सुयोगला हे तंतोतंत पटलं. पटणारच. एका पतसंस्थेच्या चेअरमनची वाढदिवसाची पानं त्याच्याकडेच छापली जातात. तेच उद्घाटक ठरले. फ्लेक्स लागला. त्यावर चेअरमनचा चेहरा ट्रॅक्टरच्या चाकाएवढा, संपादक सुयोगरावांचा स्टेपनीएवढा, गुरुजींचा हेडलाइटएवढा, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोत महिपतीआबा. ज्या फ्लेक्सनं ह्या माणसाच्या धंद्याचा गळा दाबला, त्याच फ्लेक्सवर त्याला बसवला. मी सुयोगला हे बोललो तर तो म्हणाला, "रामभाऊ, तुम्ही प्रत्येक गोष्टीत निगेटिव्ह बघता."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बोर्ड मी हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवले, डेकोरेटरच्या माणसांना सांगितलं, ओळीत टांगा, आणि गाडी घेऊन शेळगावला आबांना आणायला गेलो. परत आलो तर हॉलचं दार बंद, दाराला लाल रिबन, रिबनला फुगे, आणि बाहेर मांडवात खुर्च्या. पत्र्याचा मांडव. ऊन पत्र्यातून गळत होतं.

आबांनी नवं धोतर नेसलं होतं, डोक्याला फेटा. बरोबर सारजाकाकी, त्यांची बायको, काठाचं लुगडं, हातात डब्याची पिशवी. दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. आबांनी बंद दाराकडं बघितलं.

"आत हाय का समदी?"

"आहेत आबा. एका ओळीत."

"मग जाऊ की."

"दहाला उद्घाटन आहे. पाहुणे येतच आहेत."

दहा वाजले. सुयोगनं फोन लावला आणि जाहीर केलं, "चेअरमनसाहेब वरकुट्याला एका दशक्रियेला थांबलेत. कावळा शिवला की निघतायत."

आमच्याकडच्या पुढाऱ्याचं हे आहे. जिवंत माणसाच्या कार्यक्रमाला वेळेवर आला तर शपथ, पण दहावा कुणाचा चुकवणार नाही. मेलेला मत देत नाही, पण मेलेल्याच्या मागं भाऊबंद असतात.

अकराला कावळा शिवला. लोकांनी उपमा खाल्ला. साडेअकराला सुयोग म्हणाला, "गाडी पिंपळीत आलीय." पिंपळी म्हणजे पलीकडेच. लोकांनी शर्ट खोचले. व्हिडिओवाल्यानं रिबनीचा क्लोजअप घेतला. बाराला गाडी पिंपळीत होती. साडेबाराला पिंपळीतच होती. पिंपळीत गाडी अशी काय रुतली होती मला कळेना. तिथं एक वास्तुशांत होती हे नंतर कळलं, आणि जेवण होतं.

आबा खुर्चीत हलायला लागले. डोळ्यापुढं हात धरून बोटं बघत होते.

"काय होतंय?"

"चमकतंय. आन् हे बगा, कोळिष्टक लोंबतंय हितं." हवेत बोट फिरवलं. हवेत काही नव्हतं.

मी उठलो आणि आबांचा दंड धरला. "चला आत. रिबन वर करतो, खालून जाऊ."

मी रिबन उचलली मात्र, मांडवात गलका झाला. व्हिडिओवाला ओरडला, "ओ काका, हलवू नका, फुगा फुटेल!" गुरुजी धावत आले. "रामभाऊ, उद्घाटनाआधी आत? मग उद्घाटक येऊन उघडणार काय?" सुयोगनं दाराला पाठ लावली. "पाचच मिनिटं. अहो, पिंपळीत आलीय गाडी."

मी त्या तिघांना त्या वेळी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. म्हणजे मी छापलं असतं, पण पेपर सुयोगचा आहे. मी खुर्ची घेऊन दार फोडायला निघालो असतो. पण आबांनीच दंड सोडवून घेतला.

"नगं, रामराव. पाव्हण्यासाठी बांधलीया ती. आमच्यात पाव्हणा पंगतीला बसल्याबिगर घरचा घास उचलत न्हाय. मान हाय त्याचा."

"आबा, तुमची चित्रं आहेत!"

"म्हंजे मीच घरचा झालो की."

आणि परत जाऊन बसले. यावर माणूस काय करणार? ज्याच्यासाठी भांडायचं तोच रीत सांभाळून बसलाय. सारजाकाकींनी पदरानं त्यांच्या डोळ्यावर सावली धरली. एक हात दुखला की दुसऱ्या हातानं. मी फोन फिरवत होतो, चेअरमनचा, त्यांच्या ड्रायव्हरचा, ड्रायव्हरच्या मेहुण्याचा.

दुपार कलायच्या आधी कधीतरी आबांनी हळू विचारलं, "सारजे, ऊन उतारलं का गं?"

"न्हाय की. लखलखतंय."

आबा माझ्या दिशेनं, म्हणजे मी होतो त्याच्या थोडं डावीकडं, तोंड करून म्हणाले, "रामराव, गाडी कुठवर आली?"

"पिंपळीत."

"येऊ द्या सावकाश. आता घाई न्हाय."

मला ते कळायला वेळ लागला. काकींना लगेच कळलं. त्यांनी धरलेला पदर खाली सोडला.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

"डाक्टरनं सांगितलंय न्हवं, गेला की गेला? उद्या बी गेलेलाच असंल. आजच्या दिस हितं बसू द्या."

सुयोग जवळ आला, आबांकडं वाकून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजोबा थकल्यासारखे दिसतायत. सत्कार आधी उरकायचा का?"

गाडी आली. शेवटी एकदाची पिंपळीतून सुटली आणि आली. चेअरमन उतरले, चेहऱ्यावर त्या बोकडाचे भाव; सकाळपासून सगळ्या तालुक्यानं बरोबर फोटो काढले होते. नारळ फुटला, कात्री सापडली नाही, कात्री सापडली, रिबन कापली, फुगा फुटला, दार उघडलं.

मी आबांना धरून आत गेलो आणि भिंतीकडं बघितलं.

चौदाच्या चौदा बोर्ड उलटे टांगलेले होते.

'न्यू प्रभात हेअर कटिंग सलून'. 'जय मल्हार टेलर्स, शर्ट-पँट स्पेशालिस्ट'. 'किसान खत भांडार'. 'येथे पंक्चर काढून मिळेल'. अक्षरंच अक्षरं. डेकोरेटरच्या माणसांना शाळेत शिकवलंय, नाव लिहिलेली बाजू सुलटी. मेंढराच्या बाजूवर नाव नव्हतं. कळप भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी चेअरमन ओरडले. "अरे! हा तर आमच्या अण्णांच्या दुकानाचा बोर्ड!" आणि खत भांडारासमोर जाऊन त्यांनी चक्क डोळे पुसले. मग काय, अख्खा मांडव आत घुसला. "हे मामांचं सलून!" "अगं, इथंच तर तुझ्या ब्लाऊजचं..." "पंक्चरवाले बापू, देवमाणूस!" लोक मोबाइल काढून पाट्यांना चिकटले. मी उभ्या आयुष्यात एवढी यशस्वी गोष्ट केलेली नाही. चेअरमननी माइक घेतला आणि आपल्या तालुक्याच्या वैभवशाली दुकानांवर बोलले. सुयोग माझ्या कानात म्हणाला, "रामभाऊ, आयडिया जबरदस्त! आधी का नाही बोललात पाट्यांचं?"

आबा माझा हात धरून उभे. चेहरा उजळलेला.

"रामराव, लई माणूस बोलतंय. बगत्यात का?"

"बघतायत आबा."

"पर बोर्ड बोर्ड काय म्हणत्यात?"

आबांनी हात पुढं केला, पत्रा चाचपला, बोटं फिरवली. जुना ऑइलपेंट पत्र्यावर वर आलेला असतो, अक्षराची कड हाताला लागते. बोटं एका वेलांटीवरून खाली उतरली आणि थांबली.

"ही पाठ हाय," आबा म्हणाले.

मी चेअरमनच्या भाषणात खत भांडार उतरवायला घेतलं. आरडाओरडा झाला. "अहो, शूटिंग चालूय!" "आमचा फोटो राहिलाय!" गुरुजींनी माझा शर्ट धरला, तो फाटला. मी म्हणालो, ज्याला अडवायचंय त्यानं पुढं यावं, पत्र्याला धार आहे. कुणी आलं नाही. तेवढ्यात बाहेर चहा आला, आणि चहापुढं आमच्या लोकांचं काही चालत नाही. हॉल मोकळा झाला.

आम्ही तिघंच. मी तारा सोडवायचो, काकी दुसरं टोक धरायच्या. सगळे फिरवले तर कळप वेडावाकडा, कुत्र्याचं तोंड दाराशी आणि शेपूट खिडकीशी. काकींनी सांगितल्यावर आबा हसले. "मग नीट लावा की. आधी सलून, पुढं टेलर, मग पंक्चर..." पाठीवरच्या नावानं एकेक सांगत गेले आणि आम्ही लावत गेलो. शेवटचा बोर्ड अडकवला तेव्हा बाहेर बँड सुरू झाला होता. वरात आली होती.

मी मागं सरकून बघितलं. त्या भिंतीवर जे होतं ते मी लिहू शकत नाही, आणि लिहिता येत नाही असं मी सहसा कबूल करत नाही. कळप चालत होता. धूळ होती, धुळीत ऊन होतं, एक लंगडं कोकरू होतं आणि त्याच्यासाठी मागं वळलेला एक माणूस.

"दिसतंय का गं समदं?" आबांनी विचारलं.

काकी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. "व्हय. मामंजी हायत. काळं कुत्रं हाय. पर मी कुठं न्हाय ह्यात."

"तू कशी असशील? बाया घोड्यांसंगं पुढं जात्यात, चूल मांडाया. तू पुढं गेलीयास. मुक्कामाला."

काकी शेवटच्या बोर्डापाशी होत्या. पुढं मोकळी भिंत होती, हातभर. त्या तिथं जाऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मग हितं हाय मी," त्या म्हणाल्या. "झालं पुरं."

तेवढ्यात मॅनेजर आला. "चला काका, भिंत सोडा. नवरी आली." डेकोरेटरच्या माणसांनी पांढरा पडदा ओढला, वर थर्माकोलचं शुभविवाह. चित्र पुरं झालेलं बघितलेली माणसं दोन. ज्याला बघायचं होतं तो त्यात नाही.

सुयोगच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी आली. 'जुन्या पाट्यांच्या प्रदर्शनाला उदंड प्रतिसाद.' चेअरमन आणि खत भांडार यांचा रंगीत फोटो. पाट्या कुणी रंगवल्या याचा उल्लेख जागेअभावी नाही. गुरुजी माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे त्यातून एक तरी चांगलं झालं. त्या आठवड्याची माझी चौकट सुयोगनं छापली नाही. तिथं चादरींचा सेल आला. म्हणून ती इथं देतो.

सध्या चालू असलेली चित्रप्रदर्शने: एक. स्थळ: महिपती पेंटर यांचे घर, शेळगाव, तालुका इंदापूर. चित्रे पलंगाखाली, गोठ्यात आणि कणगीमागे आहेत, ओढून घ्यावी लागतील. भिंत नाही, अंगणात मांडावीत. क्रम आबा पाठीवर हात फिरवून सांगतील. मांडून झाली की काय दिसते ते आबांना मोठ्याने सांगावे, घाई करू नये. उजव्या टोकाला हातभर जागा सोडावी, ती सारजाकाकींची आहे. उद्घाटन होणार नाही. थेट आत यावे.